आधी उठायची वेळ, मग क्रीम

कोल्हापूरच्या राजारामपुरीत मी गेली बारा वर्षं मेस चालवते. जूनमध्ये नवी पोरं-पोरी डबा लावायला येतात. कुणी चंदगडचं, कुणी गडहिंग्लजचं, कुणी थेट सोलापूर-रत्नागिरीकडचं. पहिल्या दिवशी चेहरे तुकतुकीत असतात. दिवाळीच्या सुट्टीला घरी जायची वेळ येते तोवर निम्म्यांच्या कपाळावर नाहीतर हनुवटीवर पुटकुळ्या, डोळ्यांखाली काळं, आणि पोटाची तक्रार वेगळीच. मग हळूच विचारतात, "काकू, इथलं पाणी सोसत नाही का हो?"

पाण्याला दोष द्यायच्या आधी मी उलट विचारते, "काल झोपलास कधी?" उत्तर ठरलेलं. दीड. दोन. परवा? परवा अकरा. रविवारी उठलास कधी? साडेअकरा.

तर हा लेख अशांसाठी. घर सोडून कोल्हापुरात शिकायला किंवा नोकरीला आलेल्यांसाठी, ज्यांना आई उठवत नाही आणि कुणी जेवायला हाक मारत नाही. गोरं होण्याचे उपाय इथे नाहीत. रंग बदलायला जाऊ नये, त्यापायी भलतंच होतं, ते पुढे येईलच. माझी धाकटी लेक बी. फार्म. झालीय, त्यामुळे क्रीमच्या डबीवर मागे काय छापलंय ते आमच्या घरात वाचलं जातं. बाकीचं मी पोरांकडे बघून आणि स्वतः चुकून शिकले.

त्वचेलाही घड्याळ असतं

शरीरात घड्याळ असतं हे नुसतं बोलायचं नाही. २०१७ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघांना याच कामासाठी मिळालं. पिकलेल्या केळ्यावर घोंगावते ना, त्या बारीक माशीवर त्यांनी काम केलं आणि पेशीच्या आत दिवस-रात्र मोजणारी यंत्रणा कशी चालते ते दाखवलं. मुख्य घड्याळ मेंदूत असतं आणि ते डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर लागतं. पण पोट, यकृत, त्वचा, सगळ्यांची आपापली छोटी घड्याळं असतात, ती या मोठ्या घड्याळाच्या आणि तुमच्या जेवणाच्या वेळेच्या मागे चालतात.

त्वचेचं काम दिवसा एक आणि रात्री दुसरं. दिवसा ऊन, धूळ, घाम यांना तोंड द्यायचं. रात्री दुरुस्ती, नव्या पेशी तयार करायचं काम जोरात. रात्री त्वचेतून पाणीही जास्त उडून जातं. म्हणून तर कोरड्या कातडीला खाज दिवसभर नसते आणि अंथरुणात पडलं की सुटते. आता ज्याचा झोपायचा वेळ रोज तीन-तीन तासांनी पुढे-मागे होतो, त्याच्या त्वचेला डे ड्युटी कुठली आणि नाईट कुठली हेच कळत नाही. झोप अपुरी झाली की अंगात ताणाची रसायनं वाढतात, गोड खावंसं वाटतं, चेहऱ्याला सारखा हात जातो, पुटकुळी फोडली जाते. एकातून एक.

पहिलं काम: खुंटा रोवणे

क्रीम घ्यायच्या आधी तीन दिवस वहीच्या मागच्या पानावर चार गोष्टी लिहा: उठलो कधी, जेवलो कधी, शेवटचा चहा कधी, मोबाईल ठेवला कधी. सुधारणा काही करू नका, नुसतं लिहा. मेसमधल्या एका पोरानं असं लिहिलं तेव्हा त्याचे दिवसाला सात चहा निघाले, त्यातला शेवटचा रात्री साडेअकराला. त्याला स्वतःलाच खरं वाटेना.

मग उठायची एक वेळ ठरवा. झोपायची नव्हे, उठायची. झोप मागून आणता येत नाही, उठणं मात्र हातात असतं. ही वेळ म्हणजे खुंटा, बाकी सगळं त्याला बांधायचं. मोठ्या माणसाला सात तासांच्या खाली झोप पुरत नाही, तेरा ते अठरा वयातल्यांना आठ ते दहा लागते. सहाला उठायचं असेल तर साडेदहाला अंथरुणात. तुम्हाला सात जमत असेल तर सात ठरवा, पहाटे पाचचा अट्टाहास नको. पहाटे उठणारा शहाणा आणि आठला उठणारा आळशी, असलं काही नाही. आज पाच आणि उद्या दहा, नुकसान त्यातून होतं.

आता नऊला उठत असाल तर उद्यापासून एकदम सहाला उठू नका, चौथ्या दिवशी आपटाल. दर दोन-तीन दिवसांनी वीस मिनिटं अलीकडे या. रविवारी जास्तीत जास्त तासभर सूट. दुपारी झोप आली तर अर्ध्या तासाच्या आत उठायचं आणि तीनच्या आधी. जेवून दोन तास ताणून दिली की रात्रीचं गणित बिघडलंच.

हे कोल्हापूरला नवं नाही. वेळेला बांधलेला दिवस कसा असतो ते बघायचं असेल तर गंगावेश, शाहूपुरी, मोतीबाग अशा एखाद्या तालमीत पहाटे डोकावून या. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, खासबागेचं मैदान बांधलं, तेव्हापासून पैलवानकीची जी शिस्त इथे मुरलीय ती मुळात घड्याळाची शिस्त आहे. पहाटेचा व्यायाम, मग खुराक, दुपारी विश्रांती, संध्याकाळी पुन्हा मेहनत, रात्री लवकर झोप. वस्ताद पोराला आधी वेळेवर यायला शिकवतो, डाव नंतर. तुम्ही पैलवानाचा खुराक उचलू नका, दिवसभर खुर्चीत बसून बदाम-तुपाचा मारा पोटावरच दिसेल. त्याची वेळ तेवढी उचला.

उठल्यावर: मोबाईलआधी उजेड

उठल्यापासून तासाभरात वीस-तीस मिनिटं उघड्यावर. आतल्या घड्याळाला चावी देणारी वस्तू ती हीच. खोलीत ट्यूब लावून भागत नाही, बाहेर आभाळ गच्च भरलेलं असलं तरी तिथला उजेड ट्यूबच्या कितीतरी पट असतो. सकाळी हा उजेड मिळाला की रात्री झोप आपोआप वेळेवर येते, हे आठ-दहा दिवसांत कळतं.

जागेला कोल्हापुरात तोटा नाही. रंकाळ्यावर सकाळी जा. शालिनी पॅलेसच्या बाजूनं चालत निघालं की पाण्यावर धुकं असतं, कुणी हातवारे करत व्यायाम करतंय, कुणी नुसतंच कट्ट्यावर बसून पेपर वाचतंय, आणि चार आजोबा कालच्या फुटबॉलच्या मॅचवरून भांडतायत. भांडता भांडता त्यांचं चालणं होतं. विद्यापीठाच्या बाजूला राहत असाल तर तो परिसर झाडीचा आहे. राजारामपुरीतून टाऊन हॉलची बाग सोयीची. कुठेच जमत नसेल तर गच्चीवर कपडे वाळत घाला, तेही चालतं.

पाणी तहान लागेल तसं प्या. उठल्या उठल्या लिटरभर पाणी ढोसल्यानं चेहरा उजळतो असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. लघवी फिकट पिवळी असली की पाणी पुरतंय. गडद झाली तर वाढवा.

आंघोळ आणि चेहरा

इथे जरा थांबते, कारण नव्या लोकांच्या सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

हॉस्टेलवर कढत पाण्याची बादली मिळाली की पोरं पंधरा-वीस मिनिटं अंग शेकत बसतात. थंडीत बरं वाटतं, पण कढत पाणी त्वचेवरचं नैसर्गिक तेल धुऊन नेतं. कोमट पाणी, पाच ते दहा मिनिटं, बस्स. साबण काखेला, जांघेत, पायांना. हातपायाच्या कोरड्या भागाला रोज घासायची गरज नसते.

चेहऱ्याला अंगाचा साबण लावू नका. त्वचा थोडी आम्लधर्मी असते, पीएच (आम्लता मोजायचा आकडा, सातच्या खाली आम्ल) पाचच्या आसपास. आपला नेहमीचा साबण नऊ-दहाच्या घरात. तो लावला की कातडी ताणल्यासारखी होते आणि पोरांना वाटतं, स्वच्छ झाला चेहरा. चेहरा म्हणजे तांब्या नव्हे, घासल्यावर कर्र वाजायला! सौम्य फेसवॉश घ्या, सकाळी एकदा, रात्री एकदा, आणि खूप घाम आला तर त्यानंतर एकदा. दिवसातून पाच वेळा धुतल्यानं पिंपल जात नाहीत, उलट चेहरा चिडतो. टॉवेलनं खसाखसा पुसू नका, टिपून घ्या. आणि टॉवेल स्वतःचा. हॉस्टेलवर एकाच टॉवेलनं तीन जण तोंड पुसतात ते मी डोळ्यांनी बघितलंय.

अंग ओलसर आहे तोवरच, दोन-तीन मिनिटांत, मॉइश्चरायझर लावा. तेलकट चेहऱ्यालाही लागतं, फक्त हलकं, जेलसारखं घ्या. डबीवर 'नॉन-कोमेडोजेनिक' लिहिलेलं बघा, म्हणजे रंध्रं बुजवणारं नाही असा कंपनीचा दावा असतो. खोबरेल तेल हातापायांना उत्तम, पण पिंपल येणाऱ्या चेहऱ्याला नको. केसांचंही तेच: रात्री डोक्यावर तेल थापून झोपायचं आणि कपाळावर केसांच्या रेषेलगत बारीक पुरळ आलं की फेसवॉश बदलायचा, हे मी दरवर्षी बघते. आठवडाभर तेल बंद करून बघा, किंवा आंघोळीआधी तासभर लावून धुऊन टाका.

मग सनस्क्रीन. "काकू, मुलं लावतात का ते?" असं विचारणारा एक तरी निघतोच. ऊन मुलगा-मुलगी बघत नाही, बाबा. पिंपल गेल्यावर राहणारे काळे डाग उन्हानं गडद होतात आणि महिनोन्महिने जात नाहीत, याचं कारणच ऊन. एसपीएफ, म्हणजे डबीवरचा ऊन अडवण्याचा आकडा, ३० पुरतं, ते भाजणाऱ्या किरणांपैकी साधारण ९७ टक्के अडवतं. ५० घेतलं तर ९८. म्हणून महाग आकड्याच्या मागे लागू नका, पुरेसं लावा. तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा काढा, तेवढं चेहरा आणि मानेला मिळून लागतं. वाटाण्याएवढं लावून काही होत नाही. गाडीवरून शिरोली-कागलपर्यंत जाणाऱ्यांनी मानेची मागची बाजू आणि हातांची पालथी बाजू विसरू नये. उन्हात राहायचं असेल तर दर दोन तासांनी परत. ढगाळ दिवशीही लावा, ढगांतून किरणं येतात.

कुठलीही नवी वस्तू आधी कानामागे किंवा जबड्याच्या कडेला तीन-चार दिवस लावून बघा. एका वेळी एकच नवी वस्तू. तीन एकदम आणल्या आणि चेहरा लाल झाला तर चोर कोण ते कळणार कसं?

घरगुती उपायांत लिंबू चेहऱ्यावर अजिबात नको. लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं की भाजल्यासारखे काळे पट्टे उमटतात. पिंपलवर टूथपेस्ट नको. अक्रोडाच्या टरफलांचा स्क्रब नको. बेसन-साय आठवड्यातून एकदा ज्यांना सोसते त्यांनी लावावी, माझं काही म्हणणं नाही.

जेवणाची वेळ, आणि मिसळीबद्दल

मेसवालीनं जेवणाबद्दल लिहावं म्हणजे स्वतःचीच जाहिरात व्हायची, म्हणून थोडक्यात. नाश्ता, दुपारचं आणि रात्रीचं जेवण रोज साधारण त्याच वेळेला, तासभर इकडे-तिकडे. रात्रीचं जेवण झोपायच्या दोन-तीन तास आधी. साडेदहाला तांबडा रस्सा ओरपून अकराला आडवं झालं की छातीत जळजळणारच, आणि जळजळलं की झोप तुटणार.

तिखटानं पिंपल येतात का? तिखटाचा आणि मुरमांचा थेट संबंध दिसत नाही. ज्यांचे गाल मुळातच लालबुंद होतात, त्यांचे तिखटानं आणखी होतात, ते वेगळं दुखणं. मुरमांशी संबंध जास्त दिसतो तो गोडाचा आणि मैद्याचा, म्हणजे ज्यानं रक्तातली साखर झटकन चढते त्या पदार्थांचा. म्हणून मिसळीत संशय घ्यायचाच तर कटावर नको, सोबतच्या पाच-सहा ब्रेडच्या स्लाइसवर घ्या. आमच्याकडे मिसळीसोबत पाव नसतो, ब्रेड असतो, हे नव्या लोकांनी आधीच समजून घ्यावं. रविवारी एक प्लेट खा, मटकी जास्त मागून घ्या. रोज सकाळी मात्र नको.

दुधाचं सांगायला जरा भीती वाटते, कारण गाव दुधाचं आहे. संध्याकाळी गंगावेशीत कट्ट्यावर म्हैस डोळ्यांसमोर पिळून फेसाळ दुधाचा ग्लास हातात देतात, ते बघायला लांबून लोक येतात. पण धारोष्ण म्हणजे कच्चंच. कच्च्या दुधातून आजार येऊ शकतात, मी तरी उकळून पिते आणि पोरांनाही तेच सांगते. काही जणांना दूध किंवा जिमचं व्हे प्रोटीन (दुधातूनच काढलेली प्रथिनांची पावडर) सुरू केल्यावर पिंपल वाढतात. सगळ्यांना नाही. तुम्हाला शंका असेल तर महिनाभर बंद करून बघा, फरक नाही पडला तर खुशाल प्या.

व्यायाम आणि घाम

आठवड्याला दीडशे मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, दम लागेल पण बोलता येईल अशा चालीनं. झोप, साखर, वजन, मन, सगळ्यांना हे पुरतं. जिम लावायची तर लावा, पण रात्री दहाला धावून येऊन अकराला झोप येत नाही अशी तक्रार करू नका.

घाम त्वचेला वाईट नाही. घामट कपडे अंगावर सुकवणं वाईट. व्यायाम झाला की अर्ध्या तासात आंघोळ, नाहीतर निदान बनियन बदलायची. तालमीत किंवा जिमच्या मॅटवर अंगाला अंग लागतं, तिथून गजकर्ण घरी येतं. नियमित कसरत करणाऱ्यांनी मांड्या, काख, मान रोज आरशात बघावी.

पावसाळा, आणि माझी चूक

कोल्हापूरचा पाऊस बाहेरून आलेल्यांना पहिल्या जुलैत चकित करतो. चार-चार दिवस ऊन नाही, कपडे वाळत नाहीत, चादरीला वास. पायाच्या बोटांत चिखल्या होतात. कोल्हापुरी चप्पल या दिवसांत माळ्यावर ठेवा, चामडं भिजलं की चप्पलही जाते आणि पायही सडतो. रबरी सँडल वापरा. घरी आलं की पाय धुऊन बोटांच्या बेचक्यात कापडानं कोरडं करा, यात कंटाळा नको. आतले कपडे अर्धओले घालण्यापेक्षा उलटे करून इस्त्री फिरवा. उशीचा अभ्रा आठवड्यातून दोनदा बदला. जाड जीन्स या दोन महिन्यांत कमी.

हे सगळं मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. दिवसभर शेगडीपाशी उभी, कमरेला परकराची नाडी आवळलेली, घामानं ओली. एका श्रावणात नाडीच्या जागी गोल चट्टा उठला, खाज अशी की पोळ्या लाटता लाटता लाटणं खाली ठेवावं लागायचं. एका औषधाच्या दुकानात गेले, चिठ्ठी नव्हती. काउंटरवरच्या पोरानं एक ट्यूब दिली, "ही लावा, दोन दिवसांत बंद." खरंच दोन दिवसांत खाज बंद! मी खूश. महिनाभर लावत राहिले. सोडली की परत, लावली की गायब. पुढच्या महिन्यात एकाचे पाच झाले, पाठीवर चढले, आणि कडा अशा पुसट की धड ओळखूही येईनात.

तेव्हा धाकटी बी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिनं ट्यूब हातात घेतली, मागचं बारीक अक्षर वाचलं आणि माझ्याकडे बघतच राहिली. त्यात स्टिरॉइड होतं. माझा चट्टा म्हणजे गजकर्ण, बुरशीचं दुखणं. स्टिरॉइड खाज आणि लाली दाबतं, पण बुरशी मरत नाही, उलट तिला मोकळं रान मिळतं. त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले, त्यांनी ट्यूब बंद करून गोळ्या आणि साधं बुरशीनाशक दिलं. पूर्ण जायला तीन महिने लागले. घरातल्या सगळ्यांचे टॉवेल वेगळे केले ते तेव्हापासून.

म्हणून ट्यूबवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन असं काही लिहिलेलं असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हात लावू नका. 'गोरेपणाच्या' म्हणून मिळणाऱ्या कितीतरी क्रीममध्ये हेच लपलेलं असतं. सुरुवातीला चेहरा चकचकीत होतो, मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुरळ येतं आणि क्रीम सोडवत नाही.

रात्र

शेवटचा चहा-कॉफी चार-पाचच्या सुमाराला. कॅफीन अंगातून निम्मं जायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे रात्री नऊचा कडक चहा दोनलाही निम्मा जागा असतो. झोपायच्या तासभर आधी खोलीतला मोठा दिवा बंद, छोटा चालू. मोबाईल अंथरुणापासून लांब चार्जिंगला लावा, अलार्म बंद करायला उठावं लागेल इतका लांब.

चेहरा धुवा, मॉइश्चरायझर लावा, ओठांना आणि टाचांना पेट्रोलियम जेली. नवख्यानं रात्री इतकंच करावं. इंटरनेटवर बघून सिरमच्या सहा बाटल्या ओळीनं लावणाऱ्या एका मुलीचा चेहरा इतका सोलवटला होता की तिला पोह्यावर पिळलेल्या लिंबाचा हात गालाला लागला तरी झोंबायचं. पिंपलचं औषध लागणार असेल तर ते डॉक्टरांकडून, एक-एक, आणि गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर ते आधी सांगून. काही औषधं त्या काळात चालत नाहीत.

एमआयडीसीत शिफ्ट असेल तर

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलला जाणाऱ्यांना वरचं सगळं वाचून हसू आलं असेल. फर्स्ट, सेकंड, थर्ड, दर आठवड्याला बदल, खुंटा रोवायचा कुठे? तरी थोडं करता येतं. थर्ड शिफ्ट संपवून घरी येताना डोळ्यांवर गॉगल घाला, म्हणजे सकाळचा उजेड झोप उडवत नाही. वाटेत चहा-वडा टाळा, घरी हलकं खाऊन खिडकीला जाड चादर लावून झोपा. एक सलग झोप ठेवा, कमी पडली तर ड्युटीआधी दीड तास आणखी. जेवणाच्या वेळा त्या आठवड्यापुरत्या तरी पक्क्या. साहेबांशी बोलता आलं तर फर्स्टनंतर सेकंड, मग थर्ड असा पुढे सरकणारा क्रम मागा. आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब असतं, त्याला पुढे ढकललेलं सोसतं, मागे ओढलेलं नाही. फाउंड्रीत काम करणाऱ्यांनी घरी आल्यावर आधी आंघोळ, मग बाकी सगळं. हाताचं काळं काढायला रॉकेल किंवा थिनर वापरू नका, तेलाचा हात फिरवून मग साबण.

किती दिवसांनी दिसेल

पहिल्या आठवड्यात फक्त झोप येईल आणि चिडचिड होईल. दुसऱ्यात सकाळी पोट वेळेवर साफ व्हायला लागतं, माझ्या बघण्यात हाच पहिला बदल. त्वचेचं उशिरा. वरचा थर नवा व्हायला तरुण वयात साधारण चार आठवडे लागतात, वय वाढेल तसे जास्त. त्यामुळे आठ दिवसांत आरशाला नावं ठेवू नका. पहिल्या दिवशी एक फोटो काढा, खिडकीपाशी, सकाळी, फिल्टर न लावता. मग थेट चार आठवड्यांनी, त्याच खिडकीत, त्याच वेळी. मधे काढू नका. पिंपलचं औषध चालू असेल तर आठ ते बारा आठवडे धरा.

जिथे दिनचर्या पुरत नाही

मानेमागे, काखेत कातडी काळी, जाड, मखमलीसारखी झाली असेल तर ती घासून जाणार नाही, साखर तपासा. मुलींच्या हनुवटीवर मोठाले मुरूम, ओठांवर केस आणि पाळी दोन-दोन महिने पुढे असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. त्वचा एकाएकी कोरडी, केस गळताहेत, दिवसभर थकवा, थंडी सोसत नाही: थायरॉइड बघा. फिकट चट्टा आहे आणि तिथे टोचलेलं कळत नाही, तर लाज न बाळगता लगेच दाखवा, कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं. तीळ वाढतोय, रंग बदलतोय, रक्त येतंय, तरी थांबू नका. खासगी फी परवडत नसेल तर सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय आहे, तिथे सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा.

आणि गणपती

एवढं सगळं बसवून झालं की कोल्हापुरात कुठला ना कुठला सण येतोच. जोतिबाची चैत्र यात्रा, अंबाबाईचं नवरात्र, आणि अनंत चतुर्दशीची मिरवणूक तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपत नाही. जाऊ नका असं मी सांगणार नाही, मी स्वतः महाद्वार रोडला उभी असते. (आम्ही कोल्हापुरी बायका बोलताना "मी उभा होतो" असंच म्हणतो, इथे लिहिताना जरा सांभाळलंय.) निघताना सनस्क्रीन लावा, पाण्याची बाटली घ्या, गुलाल लावून घेणार असाल तर आधी चेहऱ्याला मॉइश्चरायझरचा जाड थर द्या. घरी आल्यावर गुलाल कोरडाच झटका, मग कोमट पाण्यानं आणि फेसवॉशनं धुवा, घासू नका.

पहाटे पाचला झोपलात तरी उठायला नेहमीच्या वेळेपेक्षा दोन तासांहून जास्त उशीर करू नका. डोळे चुरचुरतील, कानात ढोल वाजत राहील. त्या दिवशी मी मेसमध्ये पोहे साडेआठपर्यंत ठेवते, एरवी साडेसातला आवरलेलं असतं. दुपारी अर्धा तास डुलकी काढा, चारनंतर चहा नको, आणि रात्री दहाला दिवा बंद.